तिसऱ्या आवाजाच्या आधी

मी इंग्लंडला जाऊन आलो हे ब्रह्मपुरीत आता कुणाला सांगायचं राहिलेलं नाही. चहाच्या टपरीवर सांगून झालं, शाळेच्या स्टाफरूममध्ये सांगून झालं, वडशाच्या जीपमध्ये अनोळखी माणसाच्या मांडीला मांडी लावून बसलो असतानाही सांगून झालं. पण जे सांगितलं ते अर्धंच. मेंढ्या सांगितल्या, थंडी सांगितली, सकाळी सकाळी ताटात येणाऱ्या गोडमिट्ट, शेंगदाण्यासारख्या दिसणाऱ्या डब्यातल्या घेवड्याच्या बिया खातानाची नक्कल करून दाखवली. उरलेलं अर्धं इथं लिहितो. महादेवरावांना विचारून लिहितो. ते म्हणाले, "लिहा मास्तर. पण या खेपेले खरं लिहा."

या खेपेला का, ते पुढं कळेल.

मी इंग्रजीचा मास्तर. हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक होतो. मिशा माझ्या स्वतःच्या आहेत, हसणंही स्वतःचंच. माझ्या हसण्यानं पुढच्या रांगेतली पोरं आईच्या पदरात शिरतात, आणि त्याचा मला गर्व आहे. महादेवराव म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, शांताचा नवरा, आमचे जवाई. कुरखेड्याजवळच्या एका खेड्यात त्यांचं धानाचं शेत. माणूस उंच, हडकुळा, दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलणारा. दोन वर्षांपूर्वी मोहफुलं वेचायला गेली असताना शांताला जनावरानं नेलं. आमच्याकडे त्याचं नाव घेत नाहीत. जनावर म्हटलं की कोणतं ते समजतं.

तेव्हापासून महादेवरावांनी जंगलात पाय टाकला नाही. गाव सोडून कुरखेड्याला भावाकडे राहायला आले, शेत भावाच्या हवाली केलं. त्यांचा मुलगा वैभव इंग्लंडच्या उत्तरेला एका दवाखान्यात नर्स आहे. त्यानं बापाला कायमचं तिकडं न्यायचं ठरवलं. कागदपत्रांची तयारी सुरू होती. बापानं एकदा हो म्हणायचं बाकी होतं. आधी महिनाभर येऊन बघा, म्हणाला, आणि त्या महिन्यातले सहा दिवस त्यानं पायी फिरायला ठेवले. खेड्याखेड्यांतून चालत जायचं, रोज नव्या घरी मुक्काम. "मामा, बाबांना एकदा कळू दे," त्यानं मला फोनवर सांगितलं, "की झाडांतून बिनधास्त चालता येते." त्याला स्वतःला सुट्टी नव्हती. बाबा एकटे जाईनात. उन्हाळ्याच्या सुट्ट्या होत्या, ब्रह्मपुरीचं नाव तापमानाच्या बातमीत रोज झळकत होतं, आणि विलायतेत इंग्रजी बोलायची संधी मी वीस वर्षं शोधत होतो. मी उडी मारली.

पहिला दिवस

तिथली गंमत अशी की सामान गाडीनं पुढच्या मुक्कामी जातं आणि माणूस पायी. आमच्याकडे सामान डोक्यावर असतं म्हणूनच माणूस पायी असतो. माझ्या पाठीवर फक्त पाण्याची बाटली, प्लास्टिकात घातलेला नकाशा आणि महादेवरावांची जवसाची चटणी. चटणी त्यांनी मोठ्या बॅगेत जाऊ दिली नाही.

हिरव्या पाटीवर बाण, आणि बाणामागून पायवाट सरळ लोकांच्या शेतांतून जाते. शेताला भिंत, चुना-माती काही नाही, नुसता दगडावर दगड. भिंत ओलांडायला भिंतीतूनच दोन-तीन दगड पायरीसारखे बाहेर काढलेले. एका ठिकाणी तर वाट एका शेतकऱ्याच्या अंगणातून गेली. तो बूट धूत होता. त्यानं मान वर करून हवेबद्दल काहीतरी म्हटलं, मी शेक्सपिअरच्या काळातलं वाटावं असं इंग्रजी फेकलं, आणि आम्ही त्याच्या दारासमोरून निघून गेलो. आमच्याकडे कुणाच्या शेताच्या धुऱ्यावरून असं गेलं तर नातवंडांपर्यंत भांडण चालतं. मी हे महादेवरावांना म्हटलं. ते खाली बघत होते. ओल्या मातीवरचे ठसे बघत होते. मेंढी, कुत्रा, बूट, मेंढी.

"गुराखी कुठी हाय?" त्यांनी विचारलं.

गुराखी नव्हता. शेकडो मेंढ्या डोंगरभर पसरलेल्या आणि माणूस एकही नाही. त्यांना ते आवडलं नाही.

वाट झाडीत शिरली तशी त्यांनी आवाज दिला. हा आमच्याकडचा रिवाज सांगायला हवा. जंगलात दोघं तिघं गेले की थोड्या थोड्या वेळानं एकानं आवाज द्यायचा, तोंडाशी हात धरून लांब "कूऽऽ", आणि दुसऱ्यानं तसाच परत द्यायचा. दिसत असलो तरी द्यायचा. उत्तर आलं की आपलं माणूस आहे, आणि जनावरालाही कळतं की माणसं आहेत. महादेवराव दहा पावलं पुढं होते, मला पाठीवरची शिवण दिसत होती, तरी त्यांनी "कूऽऽ" केलं. मी दिलं. पलीकडून येणारं एक वयस्क जोडपं थांबलं. बाईंनी मला हळूच विचारलं, हा कोणत्या पक्ष्याचा आवाज. मी म्हणालो, "मध्य भारतातला, फार दुर्मीळ." त्यांनी वहीत लिहून घेतलं. देव मला माफ करो.

त्या दिवशीचा मुक्काम मार्गारेटबाईंकडे. सत्तरीच्या, एकट्या, पांढऱ्या केसांचा टोप घातल्यासारख्या. जेवताना महादेवराव माझ्यामार्फत म्हणाले, यांना विचारा, इथल्या जंगलात काय काय आहे. बाईंनी सांगितलं, कोल्हे, हरणं, बिळात राहणारे बिज्जू. महादेवरावांनी मान हलवली आणि म्हणाले, आता विचारा, यांतलं माणूस कोण नेतं. मी जरा चाचरलो, पण विचारलं. बाईंनी काटा खाली ठेवला, खरोखर विचार केला आणि म्हणाल्या, "गाई. वासरू बरोबर असलं तर कधीमधी तुडवतात."

मी भाषांतर केलं. महादेवराव हसले. शांता गेल्यापासून मी त्यांचा दात पाहिला नव्हता. मला वाटलं, जिंकलो. वैभवला तिथूनच मेसेज केला: तुझे बाबा हसले.

दुसरा दिवस

चढ होता, वर नुसता माळ. माळावर वाटेच्या कडेला दगडांचा ढीग. छातीएवढा. थोड्या अंतरावर दुसरा, पुढं तिसरा.

महादेवराव पहिल्याशीच थांबले. चप्पल काढावी तसे बूट काढायला लागले. मी विचारलं, काय झालं. ते म्हणाले, "किती गेले इथी, बाप्पा."

माझ्या लक्षात यायला वेळ लागला. आमच्याकडे ज्या जागी जनावरानं माणूस नेलं तिथं येणारा जाणारा एक गोटा टाकतो. गोटा नाही मिळाला तर डहाळी. वर्षांमागून वर्षं जातात, माणसाचं नाव कुणाला आठवत नाही, ढीग मात्र वाढत जातो. त्या माळावर त्यांना एका नजरेत पाच-सहा माणसं मेलेली दिसत होती. ते नुसत्या मोज्यांवर प्रत्येक ढिगाला हात जोडत पुढं गेले. मोजे भिजून गच्च झाले होते.

एक बाई कुत्रा घेऊन खालून आली. जाताना तिनं सहज एक दगड उचलून ढिगावर ठेवला. मी गाठून विचारलंच, हे कुणासाठी. तिला प्रश्न समजला नाही. मग म्हणाली, कुणासाठी नाही, इथं धुकं उतरलं की वाट दिसत नाही. मागून येणाऱ्याला कळावं म्हणून.

मी ऐटीत येऊन महादेवरावांना सांगितलं की बूट घाला, इथं कुणी मेलेलं नाही. ते बुटाची नाडी बांधत म्हणाले, "आपल्याइथी काय वेगळं हाय? इथी माणूस गेला, मागून येनाऱ्यानं जपून जा."

"मग टाका एक गोटा."

त्यांनी एक उचलला. हातात फिरवला, अंगठ्यानं माती पुसली. आणि होता तिथं परत ठेवला. मला वाटलं, परक्या मुलखात संकोच करतायत. मग आठवलं की शांताच्या ढिगावरही मी त्यांना कधी गोटा टाकताना पाहिलेलं नाही. मी टाकला होता, वैभवनं टाकला होता, सगळ्या गावानं टाकला होता. तेव्हा मी म्हटलं होतं, दुःख आहे, नाही बघवत त्यांना.

तिसरा दिवस

ही माझी चूक. चूक म्हणजे खोडी.

एका ओढ्याच्या काठानं झाडी होती, खाली निळ्या फुलांचा गालिचा आणि मधूनमधून रानटी लसणाचे पट्टे. तुडवलं की असा वास यायचा, जणू कुणी भाजीला फोडणी दिली. मी भुकेनं खुळा झालो होतो आणि आनंदानंही. महादेवराव पुढं होते. वाट एका जुन्या भिंतीशी वळत होती. मी वळलो नाही, भिंतीआड बसलो.

"कूऽऽ," त्यांनी आवाज दिला.

मी तोंडावर हात धरून हसू दाबलं. खलनायकाची एन्ट्री मनात जुळवत होतो: जवळ आले की भिंतीवरून माझं ते हसणं.

"कूऽऽ."

थांबलो. नाटकात तिसऱ्याला मजा असते.

तिसरा आवाज "कू" नव्हता. ते माझं नाव होतं, मग शांताचं नाव होतं, मग नुसता आवाज. मी डोकं काढलं तर ते पळत येत होते, पन्नाशी ओलांडलेला माणूस, हात पुढं करून, आणि ओल्या मुळावरून घसरून ते गुडघ्यांवर पडले ते माझ्या समोरच. मी उठवायला गेलो. विनोद सांगायला गेलो. त्यांनी माझी मनगटं धरली.

"असंच," ते म्हणाले. "असंच केलं मास्तर म्या."

मी म्हटलं, काय केलं.

"सकाळी आमची कटकट झाली. शांता म्हने, नाल्याकडच्या झाडाखाली जास्त फूल असन, तिकडं जाऊ. मी म्हनलो, इथलंच वेच. नाई आयकलं. टोपली घेऊन गेली. मंग तिनं आवाज देल्ला. म्या आयकला. तोंडात तंबाखूचा खर्रा होता. म्हनलो, पाहू दे वाट. तिनं अजून देल्ला. तोबी आयकला. म्हनलो, जा आता अजून लांब." ते माझ्याकडं नाही, लसणाच्या पानांकडं बघत होते. "मंग मी तिसऱ्याची वाट पाहून राह्यलो. म्हनलो, तिसऱ्याले देतो."

ओढ्याचा आवाज येत होता.

"तिसरा आलाच नाई."

आता ते खरं-खोट्याचं सांगतो. गावात, पंचनाम्यात, वैभवला, मला, सगळ्यांना त्यांनी सांगितलं होतं की आपण हाका मारत होतो आणि ती उत्तर देत नव्हती. आणि मी? मी ती गोष्ट घेतली आणि दोन वर्षं सांगितली. ब्रह्मपुरीत, चिमूरला सोयऱ्यांकडे, नाटकाच्या मुक्कामात मेकअप उतरवताना. मी नवऱ्याच्या हाका काढून दाखवायचो. घसा फुटेल अशा. शेवटची अर्धी तोडायचो आणि थांबायचो. बायका डोळे पुसायच्या. माझ्या बहिणीनं दोनदा बोलावलं होतं, आणि मी दोन वर्षं तिला गप्प करून ठेवलं होतं. चांगला आवाज लावून.

मी त्यांचे हात सोडवले. गुडघ्यातून रक्त येत होतं, त्यावर रुमाल बांधायला हवा होता. रुमाल माझ्या खिशातच राहिला.

चौथा दिवस

चाललो. शंभरेक पावलं एकमेकांच्या मागं-पुढं. कुठं काय पाहिलं ते आठवत नाही. एक चर्च होतं, एक बदकांचं तळं. सकाळी त्यांनी माझ्या भाजलेल्या पावावर जवसाची चटणी लावून ताट पुढं सरकवलं. मी ताट परत सरकवलं. घरवाल्या बाईंनी विचारलं, झोप चांगली लागली ना. मी म्हणालो, फार छान. आयुष्यात इतकं वाईट इंग्रजी मी बोललो नसेन.

त्या दिवशी झाडीत शिरल्यावर त्यांनी एकदा आवाज दिला. मी दिला नाही. पुढं त्यांनी दिवसभर दिलाच नाही.

पाचवा दिवस

सगळ्यात लांबचा टप्पा, माळावरून. मी मुद्दाम पुढं निघालो. मनात एकच होतं: वैभवला सांगायचं. आजच. त्याच्या बापाला इथं राहू दे नाहीतर जाऊ दे, पण पोराला कळू दे की आई कशी गेली. वाक्यं जुळवत होतो, आणि लाज वाटते सांगायला, ती चांगली जुळत होती.

दुपारच्या आधी धुकं उतरलं. आमच्याकडे धानाच्या बांध्यांवर थंडीत धुकं असतं, पण ते कमरेएवढं, सूर्य आला की जाणारं. हे डोंगरावरून चालत आलं. माझा स्वतःचा बूट दिसेनासा झाला. डावीकडं उतार आहे एवढं नकाशावरून माहीत होतं, किती आहे ते नाही. मी हातांनी चाचपत एका ढिगाशी आलो आणि त्याला पाठ लावून बसलो.

मागून आवाज आला. "कूऽऽ."

लांबून. डावीकडून, जिथं उतार होता.

मी ऐकला. मला नीट, स्वच्छ ऐकू आला. मी तोंड उघडलं नाही. मला वाटलं, आता कळू दे कसं वाटतं. हे वाक्य मी मनात पूर्ण म्हटलं, शब्दन् शब्द. मी काही घाबरून गप्प नव्हतो. गप्प बसायला काही लागत नाही, ही त्यातली भयंकर गोष्ट. हातात शस्त्र लागत नाही, मिशा लागत नाहीत. नुसतं बसायचं.

"कूऽऽ." या वेळी आणखी खालून.

तोही ऐकला.

आणि मग जी शांतता झाली ती शांतताच मला उठवून गेली. तिसऱ्याची वाट बघतोय हे माझं मला कळलं. मी उभा राहिलो आणि ओरडलो. कू नाही, काहीही. नाटकात कमावलेला सगळा घसा. खलनायकाची सगळी छाती. पुन्हा, पुन्हा, "इकडं जवाई, इकडं," असं कितीतरी वेळ. मग धुक्यात एक काळपट डाग दिसला, आणि डागाचा माणूस झाला. पँट मांडीपर्यंत भिजलेली. ते ढिगापर्यंत आले आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला टेकले.

बराच वेळ दोघंही धापा टाकत होतो. मग मी म्हणालो, "मी पहिला ऐकला होता. दुसराही."

"मले माहीत हाय," ते म्हणाले.

त्यांनी चटणीची डबी काढली. बोटानंच खाल्ली आम्ही, पाव नव्हता. तिखटानं नाक वाहायला लागलं, निदान तसं म्हणायला बरं. धुकं विरायला तास गेला असेल. उतार किती होता ते मग दिसलं. मी बघितलं आणि परत बघितलं नाही.

निघताना ते म्हणाले, "मी इथी राहात नाई मास्तर. वैभवले मी सांगतो. तुम्ही नोका सांगू. तुम्ही लय चांगलं सांगान."

नंतर

सहाव्या दिवशी चालणं संपलं, आणि त्यांनी वैभवच्या स्वयंपाकघरात सांगितलं. मी बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसलो होतो. आत आवाज चढला नाही. थोड्या वेळानं वैभव बाहेर आला, जोडे घालून निघून गेला आणि दिवस मावळताना परत आला. तिकडं तो नऊ वाजता मावळतो. उरलेले दिवस त्यानं बापाला वेळेवर जेवायला वाढलं, गुडघ्याची जखम रोज धुऊन पट्टी बदलली, जसं दवाखान्यात कुणाचीही बदलतो. बोलला नाही. विमानतळावर माझ्या पाया पडला, त्यांच्याही पडला, उठताना वर बघितलं नाही. अजून तो फोन मलाच करतो. शेवटी विचारतो, बाबा जेवले का.

आल्यावर आठवड्यानं आम्ही दोघं त्यांच्या गावी गेलो. आधी चावडीपाशी बसलेल्या चार म्हाताऱ्यांना त्यांनी सांगितलं. पाच-सहा वाक्यं, उभ्यानं. एक म्हातारा उठून घरात गेला. दुसऱ्यानं विचारलं, भाऊ, आता शेत तूच करशील का. ते म्हणाले, करीन. मग आम्ही जंगलात गेलो. दिवसाचे दहा वाजले असतील.

मोहाच्या झाडाला नवी पानं होती. शांताचा ढीग माझ्या मांडीपर्यंत आला होता. महादेवरावांनी इंग्लंडचा दगड बिगड आणला नव्हता. नाल्यातला एक गोटा घेतला, माती पुसली, ठेवला. मग नाल्याच्या दिशेला तोंड करून, तोंडाशी हात धरून, त्यांनी आवाज दिला. दोनदा. तिच्या दोन आवाजांना दोन.

माझ्या घशात उत्तर तयार होतं. सवयच ती. मी दातांखाली धरून ठेवलं. ते दोन्ही माझ्यासाठी नव्हते.

परत येताना ते पुढं होते, मी मागं. गाव येईपर्यंत त्यांनी सात-आठ वेळा तरी आवाज दिला असेल, अगदी उघड्यावर, मी दोन पावलांवर असतानासुद्धा. मी प्रत्येकाला दिला. लगेच.